मऊ प्रवाळांच्या टाकीवर दुसरा दिवा लावावा का?

निळीपेटी

सर्वांना नमस्कार. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची खाऱ्या पाण्याची टाकी गेले सात महिने चालू आहे. टाकीखाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) नाही. मागे टांगलेला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) आणि दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे छोटे पंप) आहेत, आणि वाळू व दगडांची जागा वजा केली तर पाणी साधारण १५० लिटर भरते. क्लाउनफिशची एक जोडी आणि एक गोबी एवढेच मासे आहेत. प्रवाळ सगळे मऊ प्रकारचे आहेत: सर्वांत वरच्या दगडावर टोडस्टूल लेदर, मधल्या कपारीत मशरूम आणि समोरच्या उतारावर झोअँथिडचे तीन गट.

पूर्वीचा दिवा साधा होता व त्याखाली झोअँथिडच्या माना लांब होऊन वर येऊ लागल्या होत्या. उजेड कमी पडत असल्याचे हे लक्षण आहे असे वाचल्यावरून मी तीन आठवड्यांपूर्वी १६५ वॉटचा एलईडी दिवा घेतला. तो सकाळी १० ते रात्री १० चालतो. निळा भाग ८० टक्के आणि पांढरा ६० टक्के ठेवला आहे. पहिले चार दिवस टाकी इतकी देखणी दिसत होती की आईने आपली खुर्ची टीव्हीसमोरून उचलून टाकीसमोर आणली. त्यानंतर मात्र लेदर मिटले, त्याच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला आणि आज बारा दिवस झाले तरी ते उघडलेले नाही. मशरूम आक्रसून फिकट पडले आहेत, आणि झोअँथिडपैकी निम्मे दिवसभर मिटलेले असतात.

दुकानदारांचे म्हणणे असे की ४५ सेंटिमीटर खोलीला एक दिवा पुरत नाही, तेव्हा तसाच दुसरा लावावा, म्हणजे पुढे कठीण प्रवाळही ठेवता येतील. एवढा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. निगेबद्दल सांगायचे तर दर रविवारी कमी झालेले पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी घालून भरून काढतो आणि एक रविवार आड १५ लिटर पाणी बदलतो. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ आहे. उन्हाळा असल्याने पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा बसवला आहे. तो मी संध्याकाळी कामावरून आलो की लावतो.

---

सागरगोटा

दुसरा दिवा घेऊ नका. आहे तोच आज रात्री ३० टक्क्यांवर आणा.

आपण वर्णन केलेली लक्षणे उजेड कमी पडल्याची नाहीत, एकदम वाढल्याची आहेत. उजेड कमी पडला की प्रवाळ तपकिरी होतात व ताणले जातात. झोअँथिडच्या लांबलेल्या माना हे जुन्या दिव्याखालचे चित्र होते आणि त्याचे आपले निदान बरोबरच होते. उजेड जास्त झाला की ते फिकट पडतात, आक्रसतात किंवा मिटून घेतात, आणि हे आजचे चित्र आहे. प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले, ज्यांना झूझँथेली म्हणतात, ती मंद उजेडात रंगद्रव्य वाढवून घेतात, म्हणजे मिळेल तो प्रकाश टिपायला जास्त पसरट ओंजळ धरतात. त्याच अवस्थेत असताना एका दिवसात कित्येक पट उजेड आला, तर पकडलेली सगळी ऊर्जा वापरता येत नाही, तिच्यातून ऑक्सिजनची उपद्रवी रूपे तयार होतात आणि प्रवाळ त्या शैवालांनाच बाहेर काढू लागतो. अंधाऱ्या माजघरातून माणसाला थेट वैशाखातल्या उन्हात उभे करावे, तसे आपण या जिवांचे केले आहे. ओंजळ लहान करायला त्यांना आठवडे लागतात.

आता मोजमापाचे. प्रवाळांसाठी वॉट बघू नयेत. बघायचे ते पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातल्या प्रकाशाचे माप. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर ते सुमारे २००० मायक्रोमोल असते, पण पाण्यात शिरताच लाल रंग पहिल्या काही मीटरांत गळून जातो आणि खोलवर उरतो तो मुख्यतः निळा. म्हणूनच या दिव्यांत निळ्याला इतके महत्त्व आहे. मशरूमना ५० च्या आसपास, झोअँथिड व लेदरना ७० ते १५० पुरते. आपला दिवा नव्वद सेंटिमीटर लांब टाकीच्या मध्यावर टांगलेला असणार, म्हणजे बरोबर लेदरच्या डोक्यावर, आणि वरच्या दगडापाशी आकडा ३०० च्या पुढे असला तर मला नवल वाटणार नाही.

मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अॅपवर विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेले माप आहे व आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, निळ्याला फारच थोडी. त्यामुळे निळ्या एलईडीखाली ते अॅप अंधार असल्याचे सांगते आणि माणूस दिवा आणखी वाढवतो. पुण्यातल्या हौशी मंडळींपैकी कोणाकडे ना कोणाकडे पार मीटर असतोच; एका संध्याकाळपुरता मागून आणा.

दिवा पाण्यापासून निदान ३० सेंटिमीटर वर घ्या. चढ-उताराच्या वेळेसकट एकूण आठ ते नऊ तास पुरे, आणि दर आठवड्याला ५ टक्क्यांहून जास्त वाढवू नका. झोअँथिड किंवा त्यांचे दगड हलवण्याची वेळ आली तर हातमोजे आणि चष्मा घालूनच हलवा. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. हे दगड टाकीबाहेर काढून ब्रशने घासणे, आणि त्याहून वाईट म्हणजे उकळत्या पाण्यात घालणे, कधीही करू नये.

---

भरती_ओहोटी

सागरगोटा यांचे दिव्याबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण माझे लक्ष प्रश्नातल्या शेवटच्या परिच्छेदाने वेधून घेतले. "दर रविवारी कमी झालेले पाणी" हे पाच शब्द मला दिव्याहून जास्त काळजीचे वाटतात.

निळीपेटी, आठवड्याभरात काचेवर पाणी किती खाली उतरते? शनिवारी रात्री आणि रविवारी पाणी भरल्यावर, अशा दोन वेळा क्षारता (एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ), अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) व तापमान मोजून इथे लिहाल का? क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि तो आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. काटा हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरला एखादा बुडबुडा चिकटला तरी तो खोटे बोलतो. शिवाय आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) किती येतो तेही पाहा.

---

निळीपेटी

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे दिवा ३० टक्क्यांवर आणून वर उचलला आहे. एका परिचितांकडून पार मीटर मिळाला. जुन्या मांडणीप्रमाणे लेदरपाशी ३४०, मशरूमपाशी १९० आणि वाळूवर ९० असे आकडे आले. मला वाटत होते की खाली अंधार असेल.

पाणी आठवड्यात दोन बोटे उतरते. पट्टीने मोजले तर ३.२ सेंटिमीटर. शनिवारी रात्री क्षारता ३८ व अल्कलिनिटी ८.४ डीकेएच (हे तिचे एकक) होती. रविवारी पाणी भरून दोन तासांनी क्षारता ३५ आणि अल्कलिनिटी ७.७. तापमान रविवारी सकाळी सातला २६.२, तर दुपारी चारला, घर बंद करून बाहेर जाऊन आलो तेव्हा, २९.९. आरओचा टीडीएस ६५ आला. आणखी एक, दुकानातून दिलेली कॅल्शियमची बाटली मी दर दोन दिवसांनी एक टोपण घालत होतो. ती चालू ठेवू का?

---

भरती_ओहोटी

आकडे इतके स्वच्छ आहेत की हिशेब कागदावर करता येतो.

९० गुणिले ४५ गुणिले ३.२ म्हणजे १२,९६० घन सेंटिमीटर, ढोबळमानाने १३ लिटर. वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेच राहते. १५० लिटरमधले मीठ १३७ लिटरमध्ये आले की ३५ ची क्षारता ३८.३ होते, आणि आपल्याला ३८ मिळाली. रविवारी १३ लिटर गोडे पाणी ओतले की ती परत ३५. म्हणजे टाकीतल्या जिवांच्या दृष्टीने सोमवार ते शनिवार समुद्र आटत जातो आणि रविवारी सकाळी चहाच्या वेळेला नदीला पूर येतो. मासे हा फरक पुष्कळसा सोसतात, कारण त्यांची मूत्रपिंडे आणि कल्ले मीठ-पाण्याचा तोल राखायचे काम करतात. प्रवाळांना अशी सोय नाही. बाहेरचे पाणी जितके खारट, तितकेच त्यांच्या पेशींना व्हावे लागते, आणि त्यासाठी ते मिटून घेतात. आपले लेदर बारा दिवस बंद आहे, त्यात दोन रविवार येऊन गेले असतील.

अल्कलिनिटीही त्याच हिशेबाने हलते आहे, आणखी काही नाही: ८.४ ला १३७ ने गुणून १५० ने भागले तर ७.७ येते. याचा अर्थ आपली टाकी अल्कलिनिटी जवळजवळ वापरतच नाही, जे साहजिक आहे, कारण मऊ प्रवाळ कठीण प्रवाळांसारखा चुनखडीचा सांगाडा उभारत नाहीत. तेव्हा ती बाटली बंद करा. पाणी बदलताना जेवढे कॅल्शियम येते तेवढे आपल्याला पुष्कळ आहे. ज्या गोष्टीची चाचणी आपण घेत नाही, ती टाकीत घालायची नाही, एवढा नियम मी स्वतः पाळतो. समुद्राची अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. आपली साडेसात असो की साडेआठ असो, ती रोज तीच असावी.

उपाय ऑटो टॉप-अप, म्हणजे आटलेले पाणी आपोआप भरून काढणारी सोय. एक फ्लोट स्विच, एक छोटा पंप आणि झाकण असलेला गोड्या पाण्याचा डबा. डबा घेताना मात्र हात आखडता घ्या. फ्लोटवर गोगलगाय बसली किंवा मिठाचा थर जमला की पंप थांबत नाही, आणि डब्यात २० लिटर असेल तर टाकीची क्षारता ३५ वरून ३१ च्या खाली जाते. आठ लिटरचा डबा असेल तर वाईटात वाईट ३३ पर्यंत. चार दिवसांनी डबा भरावा लागेल, पण चार दिवसांनी टाकीकडे बघायचेच असते. तो मिळेपर्यंत काचेवर बाहेरून मार्करने रेघ मारा, आणि सकाळी व रात्री एकेक लिटर पाणी वेव्हमेकरच्या झोतासमोर हळूहळू ओता.

आता टीडीएस ६५. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे ते आपल्या पोटाला चांगले असले तरी टाकीला नाही. त्या मिसळणीच्या आधीच्या नळीतून पाणी घ्या व पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) नळकांडी जोडा, म्हणजे मीटर शून्य दाखवेल. इथे एक खास आपल्या गावची गोष्ट लक्षात ठेवा. धरणाचे पाणी येते तेव्हा आत जाणारा टीडीएस कमी असतो. उन्हाळ्यात सोसायटीने टँकर मागवला किंवा बोअर चालू केली की तो कित्येक पट होतो, आणि आरओचा पडदा ठरावीक टक्केवारीनेच क्षार अडवत असल्याने बाहेर येणारे पाणीही तेवढ्याच पटीने बिघडते. आपण काहीही बदललेले नसते आणि टाकीत शेवाळ मात्र येते. गुरुवारी पाणी बंद असले की शुक्रवारी येणारे पहिले गढूळ पाणीही आरओवर घेऊ नये, वाहू द्यावे.

---

मुळाकाठ

वरच्या दोघांनी दिवा आणि मीठ पाहिले. मला २६.२ आणि २९.९ हे आकडे जास्त बोचतात, आणि सागरगोटा यांच्याशी एका बाबतीत मी थोडा असहमत आहे. पाणी २६ अंशांवर स्थिर असते तर या लेदरने १५०, कदाचित २०० पारसुद्धा निमूट सहन केला असता. उजेड आणि उष्णता यांचा मार एकत्र बसतो. गरम पाण्यात त्या शैवालांची प्रकाश हाताळण्याची ताकद आधीच घटलेली असते. समुद्रातले प्रवाळ पांढरे पडतात तेही असेच: नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एखादा अंश जास्त, पण आठवडे न् आठवडे, आणि वर निरभ्र ऊन. १९९८ मध्ये लक्षद्वीपमध्ये तेच झाले.

आपला पंखा उत्तम काम करतो आहे, पण चुकीच्या वेळी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि १५० लिटर पाण्यातून तेवढी उष्णता काढली तर ते जवळजवळ ४ अंशांनी थंड होते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की पंख्याला याहून चांगला हंगाम नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपले घर बंद, पंखा बंद, दिवा मात्र सकाळपासून चालू. पंखा थर्मोस्टॅटला जोडा, २६.५ ला चालू व २६ ला बंद. दिवा दुपारी ३ ते रात्री ११ असा सरकवा. प्रवाळांना घड्याळ कळत नाही, त्यांना रोज तीच लांबी हवी असते, आणि आपल्यालाही टाकी रात्रीच बघायला मिळते. पंखा जास्त चालला की वाफ वाढेल, म्हणून भरती_ओहोटी यांनी सांगितलेला टॉप-अप आधी बसवा, मग पंख्याची वेळ वाढवा. हा क्रम उलटा करू नका.

हिवाळ्याबद्दल आताच लिहून ठेवतो, कारण तेव्हा हा विषय कोणाच्या लक्षात नसतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे दहा अंशांच्या खाली हवा जाते आणि हीटर लागतोच. मी एके वर्षी ३०० वॉटचा एकच हीटर लावला होता. एका रात्री त्याचे आतले स्विच चिकटले, तो बंदच झाला नाही. सकाळी काचेला हात लावला तर ती कोमट लागली. पाणी ३३ अंशांवर होते आणि लेदरच्या बुंध्याशी काळा, बुळबुळीत, कुजका वास येणारा पट्टा आला होता. निम्मे लेदर ब्लेडने कापून टाकल्यावर उरलेले वाचले. आता १०० वॉटचे दोन हीटर आणि त्यांच्यावर वेगळा कंट्रोलर. एक चिकटला तर टाकी उकडत नाही, एक बंद पडला तर गारठत नाही. आणि टाकी दक्षिणेच्या खिडकीजवळ असेल तर हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो व ऊन तिरपे थेट काचेवर येते. मे-जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने ते आपल्याला दिसतही नाही.

वीज गेल्यावर दिव्याची चिंता करू नका, एक दिवस अंधार झाला तर काही बिघडत नाही. एक वेव्हमेकर तेवढा इन्व्हर्टरवर घ्या, कारण पाणी हलायचे थांबले की ऑक्सिजन कमी होतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो.

आता कठीण प्रवाळांबद्दल. दुकानात सहज बोलले जाते, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आहेत, तसेच काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे समुद्रपंखेही आहेत. तिथे वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. मालवणला पाण्याखाली सुंदर प्रवाळ आहेत, ते तिथेच जाऊन बघावेत. सुटीत आणलेला एखादा "मेलेला" तुकडाही पिशवीत टाकू नये. म्हणजे दुसऱ्या दिव्याचे ते कारणही उरत नाही.

---

सागरगोटा

मुळाकाठ यांची दुरुस्ती मान्य. तापमान विचारायला मी विसरलो होतो, ते विचारायला हवे होते. निळीपेटी, मशरूम वाळूवर उतरवा, ९० चा आकडा दिवा कमी केल्यावर आणखी खाली येईल आणि त्यांना ते आवडेल. लेदर हलवू नका, त्याने पुष्कळ हलवाहलव सोसली आहे. पापुद्रा बोटाने ओढून काढू नका; एका वेव्हमेकरचे तोंड थोडे त्याच्याकडे करा, तो आपोआप निघेल. बुंधा काळा पडला तर मात्र लगेच लिहा.

---

निळीपेटी

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

टॉप-अपचा डबा साडेसात लिटरचा बसवला. रिफ्रॅक्टोमीटर गेले महिनाभर ३५ वरून हललेला नाही. अल्कलिनिटी दर शनिवारी मोजतो, ७.६ ते ७.८ च्या दरम्यान आहे. पंखा थर्मोस्टॅटवर गेल्यापासून पाणी २५.९ ते २६.८. डीआय जोडल्यावर टीडीएस शून्य येतो. दिवा आता ४५ टक्क्यांवर आहे व लेदरपाशी १३० पार मोजला.

नवव्या दिवशी सकाळी लेदरवरचा पापुद्रा एका कडेने सुटून दुधावरच्या सायीसारखा पाण्यात लोंबत होता. संध्याकाळी घरी आलो तोवर तो गेला होता आणि लेदरच्या काठावर, फक्त एका बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे पॉलिप, म्हणजे प्रवाळाची इवली तोंडे, बाहेर आले होते. पूर्ण उघडायला आणखी आठवडा लागला. झोअँथिडचा एक गट मात्र परत आला नाही. मशरूमनी वाळूवर दोन पिल्ले टाकली आहेत.

एक शंका उरली आहे. कालपासून पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, आणि टॉप-अपचा डबा चार दिवसांऐवजी आठ दिवस पुरेल असे दिसते. पंखा निकामी होईल का? चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा लागेल का?

---

भरती_ओहोटी

दमट हवेत पंख्याचा जोर निश्चित कमी होतो, पण ऐन पावसाळ्यात पुण्याची दुपारही बहुधा तिशीच्या आतच राहते, त्यामुळे आपल्या टाकीला चिलरची गरज पडेल असे वाटत नाही. अधूनमधून दिवसाचे सर्वांत जास्त तापमान वहीत लिहीत जा. ते लागोपाठ २८ च्या वर दिसले तर पाहू. आठ दिवस पुरणारा डबा दर चार दिवसांनी उघडून आतून पुसा, साठलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरतो. आणि फ्लोट स्विच महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवून धुवा.